कासवाचे पहिले वाक्य

एका रानात पळसांच्या दाटीत एक डबके होते, आणि त्या डबक्यात एक कासव एकटेच राहत असे. स्वभावाने अगदी गरीब, पण कुणाशी बोलायचे म्हटले की त्याला फार लाज वाटे. कुणाची चाहूल लागली रे लागली, की मान आत, पाय आत! मग पाणी प्यायला आलेल्यांची पावले ऐकत ते पाठीखालच्या अंधारात स्वप्ने बघत पडे. आणि स्वप्नात, मुलांनो, ते भारी बोलके होते बरं का! सारे रान त्याच्याभोवती गोल करून बसले आहे आणि कासव आपले बोलतेच आहे, बोलतेच आहे, असे त्याला रोज दिसे.

चैत्र सरला. डबके आटत आटत परातीएवढे उरले आणि पळसाची गळलेली फुले चिखलात वाळून गेली. आता दुसरे पाणी गाठले नाही तर जिवावर बेतणार, हे कासवाला कळून चुकले. पण पाणी कुठे आहे हे ठाऊक असणार हिंडत्याफिरत्यांना, आणि त्यांना विचारायचे तर आधी तोंड उघडायला हवे. "पहिलं वाक्य कसं झोकदार पाहिजे," ते स्वतःशी म्हणाले, "नाहीतर हसतील मला." मग बसले वाक्य जुळवत! 'रानातील मान्यवर सज्जनहो' हे त्याला फारच आवडले. पण ते जुळेपर्यंत भेकर पाणी पिऊन टेकडीपलीकडे पोचलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी बगळा आला. या वेळी कासवाने धीर करून अख्खे वाक्य म्हटले, पण घाईत मान बाहेर काढायचीच राहिली. चिखलातून कसलीशी बुडबुड ऐकू आली म्हणून बगळा दचकला आणि भुर्रकन उडून गेला. काय म्हणावे या कासवाला! त्या दिवशी ते आतल्या आत खूप रडले.

असेच एकदा भर दुपारी सारे रान पेंगत होते. डबक्यालगतच्या मोकळ्या माळावर ऊन हलत होते, लांबचे दगड पाण्यावर तरंगल्यासारखे दिसत होते. कासवाला गुंगी आली होती. तेवढ्यात एक टिटवी आली, पोट पाण्यात बुडवून तुरुतुरु माळावर गेली आणि तिथल्या खड्यांत बसली. थोड्या वेळाने पुन्हा आली, पुन्हा पोट बुडवले, पुन्हा गेली. पाण्याचा एक थेंबही चोचीत घेतला नाही. हे स्वप्न की खरे, ते कासवाला कळेना. नवल वाटता वाटता त्याची मान कधी बाहेर आली, तेही त्याला कळले नाही.

"टिटवीताई, पोट का हो भिजवताय सारखं?" त्याने विचारले.

"अगंबाई! दगड बोलला!" टिटवी दोन पावले मागे सरकली. मग तिला त्याचे डोळे दिसले. "कासवदादा होय! अहो, चार अंडी आहेत माझी त्या खड्यांत. ऊन केवढं रणरणतंय! ओल्या पोटानं बसलं की त्यांना जरा गारवा मिळतो. दहा दिवस झाले, येते नि जाते, पण कुणी म्हणून विचारलं नाही हो मला."

"चारही धड आहेत ना?" कासवाने काळजीने विचारले.

"आहेत, आहेत!" टिटवी हरखून गेली, आणि मग काय, तिची टकळी जी सुरू झाली! उन्हाचे झाले, मुंगसाचे झाले, अंड्यांवरच्या ठिपक्यांचेही झाले. शेवटी ती म्हणाली, "मीच बोलत सुटले. तुम्ही हो का या चिखलात पडून राहिलात? पळसांच्या पलीकडे ओढ्याला डोह आहे की, उन्हाळाभर न आटणारा! लांब आहे, म्हणून अंडी सोडून मी जात नाही एवढंच. थांबा, आमचे हे आले की ते बसतील अंड्यांवर. मी दाखवते वाट."

टिटवा येऊन अंड्यांवर बसला, तशी ती निघाली. थोडे उडायचे, थांबायचे, हाक मारायची. कासव मागून डुलत डुलत जाई आणि वाटेत दोघांच्या गप्पा चालत. ऊन कलता कलता डोह आला. गार पाणी अंगाला लागले तेव्हा कासवाला आपण जगलो असे वाटले.

"दहा दिवस शेजारी होतो आपण," टिटवी काठावरून म्हणाली. "आधी का नाही बोललात?"

"चांगलं वाक्य सापडत नव्हतं."

"मग आज बरं सापडलं!"

कासवाने जरा विचार केला. "आज मी शोधतच नव्हतो," ते म्हणाले. "तुमच्याकडे बघत होतो."

तात्पर्य : बोलायला सुरुवात करताना आपण कसे दिसू याची चिंता सोडावी, समोरच्याकडे आपुलकीने पाहावे आणि मनात येईल ते साधेपणाने विचारावे, पुढचे बोलणे आपोआप सुचते.