काळ्या दोऱ्याची गाठ

"मग कमी काय आहे यात? ते तरी सांगा."

दिगंबरनं पुन्हा विचारलं.

दस्तगीर वस्ताद मोडक्या ट्रेलरच्या दांडीवर बसला होता, तसाच बसून राहिला.

घाट सुरू व्हायच्या अलीकडं वस्तादची शेड. पूर्वी गाड्यांचं वायरिंग करायचा. आता करत नाही, नुसता बसतो. तरी मागं काही ओढणारी गाडी असली की ड्रायव्हर इथं थांबतो. वस्तादला दाखवतो. वस्तादनं चाकावर थाप मारली की निघतो.

पूर्वी थाप मारून तोंडानं म्हणायचा, "झालं, जा." आता म्हणत नाही. का, ते विचारायची इथं पद्धत नाही. मी शेजारी टायरचं दुकान घालून बसलोय, मीही विचारलं नाही.

दिगंबर याच शेडमध्ये शिकला. मग शहरात स्वतःचं गॅरेज टाकलं, पाटी लावली, मान ताठ झाली. त्या दिवशी आला तो नवी एसयूव्ही घेऊन. मागं घोड्याचा बंद ट्रेलर. आत मैना घोडी आणि तिच्याजवळ त्याचे वडील, नाना. घोडी एकटी बुजते. म्हणून म्हातारा तिच्या मानेवर हात टाकून आतच उभा. घाट उतरून यात्रेला जायचं होतं.

पुढची गाडी थांबली म्हणून मागचा ट्रेलर थांबत नाही. उतारावर तो अंगावर येतो. त्याला त्याचा स्वतःचा ब्रेक लागतो. तोच दिगंबरनं बसवला होता. डॅशबोर्डखाली कंट्रोलरचा डबा, तिथून वायर मागं, मागं सात पिनांचा प्लग. पुढं पाय दाबला की मागची चाकंही धरणार.

काम चोख होतं. खोटं कशाला बोलू? एकही वायर लोंबत नव्हती.

"झालं, जा म्हणा," दिगंबर म्हणाला. "आयुष्यात एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या."

जनावराला पेंड लागते तशी माणसाला शाबासकी लागते. जनावर निदान खाऊन गप्प बसतं.

वस्ताद उठला. नव्या ट्रेलरच्या चाकावर तळवा ठेवला.

"दाब."

दिगंबरनं आत बसून ब्रेक दाबला. चाकातून घूं असा बारीक आवाज आला.

"धरलं. सोड."

सुटलं.

"दाब."

दिगंबरनं दाबला, आणि त्याची नजर आरशात गेली.

दुपार झाली तरी धुकं उठलं नव्हतं. त्या धुक्यात मागं, कड्याच्या बाजूला, एक लाल दिवा पेटला होता. मोडक्या ट्रेलरचा.

त्यानं पाय उचलला. दिवा विझला.

दाबला. पेटला.

तो खाली उतरला, तोपर्यंत तिकडं नुसतं धुकं.

"त्याला बॅटरी कुठं आहे?"

"नाही."

"वायर?"

"उंदरांनी खाल्ली."

"मग पेटतो कसा?"

"तू दाबलास ना..."

दिगंबर हसला. हसण्यात दम नव्हता. "आपलाच दिवा धुक्यावर दिसत असेल," म्हणाला.

वस्तादनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

तो मोडका ट्रेलर दरीतून क्रेननं वर काढलेला. छत चेपलेलं, एक बाजू उघडी. पूर्वी कधीतरी घाटात गाडीपासून सुटला होता. आत एक माणूस होता. कोण, ते इथं कुणी बोलत नाही. वस्ताद तेव्हापासून त्याच्या दांडीवर बसतो.

वस्ताद नव्या ट्रेलरच्या दांडीपाशी वाकला. तिथं लिंबू-मिरची टांगली होती. काळा दोरा एका पिनेभोवती घट्ट गुंडाळून गाठ मारलेली.

"हे काय?"

"नवी वस्तू आहे, नजर नको लागायला. आणि पिन जरा सैल वाटत होती. त्यातच गुंडाळून टाकली." दिगंबरनं पिनेला बोट लावून दाखवलं. "आता हलत नाही."

त्या पिनेची दोरी पुढच्या गाडीला बांधलेली असते. ट्रेलर सुटलाच, तर दोरी ताणते, पिन उपसून निघते, आणि ट्रेलरवरच्या छोट्या बॅटरीवर ब्रेक आपोआप धरतो. तेवढ्यासाठी ती पिन.

वस्ताद गाठीकडं बघत राहिला. 

"नानाला उतरव."

"मी उतरत नाही," आतून नानांचा आवाज आला. "मी काय पोतं आहे, चढवा-उतरवा करायला?"

"घोडीलाही उतरव."

"घोडीला विचारा. ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकणार होय?"

"नाना," वस्ताद म्हणाला. "उतर."

काय होतं त्या आवाजात, कुणास ठाऊक. म्हातारा घोडीला घेऊन मुकाट्यानं उतरला. घोडी मोडक्या ट्रेलरकडं बघून थरथरत होती. नानांनी तिच्या डोळ्यांवर हात धरला.

शेडपुढची जागा उताराची. गाडीचं तोंड वर रस्त्याकडं, पाठ कड्याकडं. वस्तादनं चाकाच्या मागचे दगड काढले. साखळी सोडली. हुकाचा खटका उघडला.

"गाडी पुढं घे."

"वस्ताद, ट्रेलर मागं जाईल."

"जाईल ना. मग धरेल. तूच बसवलाय."

दिगंबरची मान अजून ताठ होती. त्यानं गाडी पुढं घेतली.

प्लग खाडकन निघाला. दोरी ताणली. पिन हलली नाही. दोरीची कडी तुटली, आणि ट्रेलर मागं निघाला.

आधी हळू. मग हळू नाही.

दिगंबर गाडीतून उडी मारून धावला. दांडीला हात घातला, ट्रेलरनं त्याला फरफटत नेलं. गुडघे फुटले, हात सुटला. नाना ओरडले ते देवाचं नाव होतं की पोराचं, मला सांगता येणार नाही.

समोर मोडका ट्रेलर. त्याच्यामागं काही नाही. धुकं.

लाल दिवा पेटला.

दिगंबरचा ट्रेलर थांबला. आदळला नाही. मोडक्याच्या दांडीपासून हातभर अंतरावर, पाळलेल्या जनावरासारखा थांबला. चाकांतून घूं असा बारीक आवाज येत होता.

दिगंबरनं खांदा लावून ढकलला. ढिम्म हलेना. त्यानं पिन बघितली. होती तिथंच, दोऱ्यात करकचून.

"मग धरलं कुणी?"



तो मोडक्या ट्रेलरच्या दांडीकडं वळला. दिव्याचा लाल उजेड पडला होता, त्यात दिसलं. तिथंही तसलीच एक पिन, जुन्या तऱ्हेची, गंजलेली. तिच्याभोवती विटलेला काळा दोरा. वर गाठ.

दिगंबर गाठीवरून बोट फिरवत राहिला. मग आपल्या ट्रेलरची गाठ बघितली. मग पुन्हा ती.

"वस्ताद... ही गाठ मला तुम्ही शिकवली."

"शिकवली."

"मी हातही नाही बदलला. जशी दाखवली तशीच मारत आलो."

"हो."

वस्तादनं खिशातला अडकित्ता काढला. दिगंबरचा दोरा कापला. पिन बोटानं ओढली, सहज निघाली. घूं आवाज मोठा झाला.

"आता तुझ्या ब्रेकनं धरलं," तो म्हणाला.

तिकडचा लाल दिवा विझला.

दिगंबरनं नवी कडी घातली. पिन लावली, ओढून बघितली, पुन्हा लावली. ट्रेलर जोडला, प्लग बसवला. नाना घोडीला घेऊन आत चढले. म्हाताऱ्यानं झडपेतून हात बाहेर काढला आणि पोराच्या डोक्यावर ठेवला.  पहिल्यांदाच.

वस्तादनं चाकावर थाप मारली.

दिगंबर पाया पडायला वाकला, वस्तादनं पाय मागं घेतले.

"थाप सगळ्यांनाच मारता," दिगंबर म्हणाला. आता मान ताठ नव्हती. "माझा बाप आहे आत. खाली दरी आहे. तोंडानं म्हणा, वस्ताद. झालं, जा. एवढंच म्हणा."

वस्ताद मोडक्या ट्रेलरकडं बघत होता.

तिकडं दिवा हळूच पेटला. गाडीत तर ब्रेक दाबायला कुणीच नव्हतं.

"त्यालाही हेच म्हटलं होतं."