आंधळ्या वाऱ्याचा रांजण

एका राज्यात, जिथे साळुंक्या माणसांसारख्या बोलत, राजा प्रतापादित्य नांदत होता. त्याला जुळे पुत्र झाले. रूप एक, दूध एक, दाईही एकच. तरी धाकट्याचे केस ऐन तारुण्यात पिकले, पाठ वाकली आणि वर्ष सरायच्या आत तो गेला. थोरला मात्र धडधाकट.

"घात झाला!" राजा गरजला. राजवैद्याला बेड्या पडल्या. स्वयंपाकघरात हेर बसले. धाकट्याची विधवा हेमप्रभा मात्र मनात संशयाने एकच नाव घोकत राहिली: शंबरक मांत्रिक.

तो शंबरकच राजाला म्हणाला, "महाराज, एक आंधळा वारा आयुष्ये अशी पुढेमागे करतो. त्याला मी रांजणात कोंडतो."

वारा कोंडला गेला. मग तरुणपणी कुणी मरेना. पण एका साली जन्मलेले सारे एकाच दिवशी प्राण सोडू लागले. पहाटे गाव जागा होई, सांजेला निम्मा ओस पडे. होता होता हेमप्रभेच्या आईच्या सालाची पाळी आली.

हेमप्रभा तडक मांत्रिकाच्या गुहेत शिरली. रांजणावर साळुंकी राखणीला होती. शंबरक कडेला गालात हसत उभा होता.

साळुंकी म्हणाली, "तीन प्रश्न. खरे बोललीस तर रांजण फुटेल, असत्य बोललीस तर शिळा होशील. या समया सारख्या, तेलवातही सारखी. आधी कोणती विझेल?"

हेमप्रभेने निरखून पाहिले. "ठाऊक नाही."

"गुहेत डोकावणाऱ्या या फांदीची फळे सारखीच पिकली. आधी कोणते गळेल?"

"ठाऊक नाही."

"तुझ्या पतीला कोणी मारले?"

शंबरकाचे नाव तिच्या ओठांशी आले. तो का हसतो आहे? पण तिने डोळ्यांनी पाहिले काय होते? काहीच नाही. नुसता संशय जपला होता, पोटच्या पोरासारखा. 

"ठाऊक नाही."

रांजण तडकला. वारा सुटला आणि शंबरकाची विद्या धुरासारखी उडाली.

"त्यांना तू नेलेस?" तिने वाऱ्याला विचारले.

"मला डोळे नाहीत, बाई. कुणाला लागलो, ते मला कळत नाही."

तेव्हा कुठे हेमप्रभा पतीसाठी मोकळी रडली.

तिने राजाला सारे सांगितले आणि वैद्याच्या बेड्या निघाल्या. हेमप्रभेची आई पुढे पुष्कळ जगली. तिच्याच वयाची शेजारीण मात्र त्याच महिन्यात गेली. लोक हळहळले. पण राजाने कुणाच्या दारी शिपाई धाडले नाहीत.