बाटलीचा ताप

“पण चाखल्याशिवाय कळणार कसं, तात्या?”

तात्या गांगुर्डेंनी कपाटातली एक बाटली आडवी धरली, उजव्या हाताची पाठ तिच्या पोटाला लावली आणि डोळे मिटले. आजारी लेकराच्या कपाळाला आई हात लावते, तसा.

मग हात काढला.

“हिला ताप आहे.”

गल्ल्यामागे बसलेले लालवाणी शेठ हसले. “आजचा नाही, तात्या. दोन उन्हाळे झाले.”

केतकी आहेर वही उघडून उभी होती. पेन कागदावर टेकलेलं, पण काय लिहावं ते सुचेना.

फ्रान्समध्ये तिला दोन वर्षं वाइन शिकवली ती तीन नामांकित प्राध्यापकांनी. रंग, वास, तुरटपणा, आंबटपणा, सगळ्याला त्यांच्याकडे मोजमाप होतं. बाटलीला ताप असतो, हे त्यांच्यापैकी कुणी सांगितलं नव्हतं.

नाशिकला परतल्यावर ती एका वायनरीत भेटायला गेली, तर तिथले साहेब म्हणाले, “आमच्याकडे यंत्रं पुष्कळ आहेत. पण शिकायचंच असेल तर गांगुर्डे तात्यांना गाठा.”

तात्या शिकले सातवीपर्यंत. त्याच वायनरीच्या तळघरात बावीस वर्षं टाक्या धुण्याचं काम केलं. पण कुठलीही टाकी बाटल्यांत भरण्याआधी साहेब त्यांना हाक मारत, आणि तात्यांनी मान हलवली नाही तर ती टाकी थांबत असे. गेल्या दिवाळीत ते निवृत्त झाले. आता दर शनिवारी दुपारी ते लालवाणींच्या दुकानात येतात आणि एकच बाटली घेतात. सहाशेच्या वर कधी नाही. त्यांच्या पिशवीतून वाईट बाटली घरी गेल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

हे ऐकलं त्याच दिवशी केतकीनं ठरवलं होतं, गुरू करायचा तर हा माणूस.

“ही बाटली मी ओळखते,” ती म्हणाली. बाटली तिनंच निवडली होती, बत्तीसशेची. “हिच्यावर ज्या गावाचं नाव आहे ना, तिथं मी सायकलनं गेलेय. माझ्या खोलीपासून बारा किलोमीटर.”

“गाव गार असेल.”

“खूप. तिथली तळघरं तर…”

“हे नाशिक आहे.”

तात्यांनी बाटली जागेवर ठेवली. चार वाजले होते. पश्चिमेच्या काचेतून एप्रिलचं ऊन थेट त्या कपाटावर आलं होतं, आणि उंची बाटल्या एका रांगेत उन्हात चमकत उभ्या होत्या.

“दिसायला बऱ्या दिसतात म्हणून तिथं ठेवल्यात,” शेठ म्हणाले. “खपत मात्र नाहीत. माझ्या मेव्हण्यासारख्या. किमती आणि बसून.”

“तुम्ही वाइनचं दुकान चालवता, शेठ.”

“मॅडम, पाटीवर जाऊ नका. या वाइन शॉपात येणारा माणूस वाइन सोडून सगळं मागतो. वाइन मागणारे दिवसाला तीन. त्यातला एक पत्ता विचारायला आलेला असतो.”

केतकीला हसू आलं नाही. हेच तर तिला बदलायचं होतं. ती बोलू लागली की तिला थांबता येत नसे. ती सांगू लागली, की जगातली गोड माती इथं आहे, द्राक्षं इथं आहेत, आणि ज्याच्या मळ्यातली द्राक्षं त्याच्याच ताटाशेजारी त्याची वाइन नाही, ही केवढी लाजिरवाणी गोष्ट आहे. तिकडे गवंडीसुद्धा कोपऱ्यावरच्या दुकानातून चार पैशांची बाटली नेतो आणि सुखानं जेवतो. इथं ती एक तर श्रीमंताची चैन, नाहीतर दारू. आपण लोकांना शिकवायला हवं, सांगायला हवं…

शेठनी माठातलं पाणी भरून पेला पुढं केला. “घ्या, मॅडम. दमलात.”

तात्या तिच्याकडे बघत होते. मघाशी बाटलीकडे बघत होते, तसेच.

“तुला बाटली कुणासाठी पाहिजे?”

केतकीनं पाणी संपवलं. आवाज खाली आला.

“अण्णांसाठी. माझे वडील. उद्या त्यांना साठ पूर्ण होतात.”

अण्णा आहेर दिंडोरीकडे पंधरा वर्षं वाइनची द्राक्षं पिकवत होते. सगळा माल वायनरीला जाई. त्यांनी स्वतः वाइन कधी तोंडाला लावली नव्हती. महिन्यापूर्वी केतकीनं तिकडून जपून आणलेली एक बाटली त्यांच्यासाठी उघडली. अण्णांनी एक घोट घेतला, “चांगली आहे,” म्हणाले, आणि पाणी मागितलं.

“चांगली आहे” म्हणजे काय, ते केतकीला ठाऊक होतं. दुसऱ्याची रोगट बाग बघून आले की अण्णा हेच म्हणत.

“उद्या तुझ्या शब्दाखातर परत घेतो, म्हणालेत. पण त्यानंतर या वयात मला सोड, असंही म्हणालेत.” ती वहीकडे बघत म्हणाली, “तात्या, घरच्याच माणसाला आवडली नाही तर मी दुसऱ्या कुणाला काय सांगू?”

दुकानात पंखा फिरत होता…

“त्या दिवशी जेवायला काय होतं?” तात्यांनी विचारलं.

केतकीनं पानं उलटली. बाटलीचं साल होतं. तापमान होतं. उघडून किती मिनिटं ठेवली, तेही होतं.

“जेवणाचं… लिहिलेलं नाही.”

“लिहिलेलं नाही ते सांग.”

ती आठवत राहिली. “भाकरी. आणि ठेचा.”

“वाइन?”

“लाल. घट्ट. तुरट.”

“ठेच्यावर तुरट.”

“जखमेवर मीठ,” शेठ पुटपुटले.

केतकीचे कान लाल झाले. तिखटावर तुरट वाइन दिली की जीभ पोळते, हे तिनं पहिल्याच सत्रात पाठ केलं होतं. परीक्षेत तेच लिहून पैकीच्या पैकी गुण घेतले होते.

“आणि तू काय बोललीस?”

“मी फक्त समजावलं. की आधी काळ्या बोरासारखा वास येईल. मग ओल्या लाकडाचा. आणि अगदी शेवटी चामड्याचा.”

“चामड्याचा?” शेठनी चष्मा वर केला. “पायताण की पट्टा?”

“असं म्हणायची पद्धत आहे, शेठ.”

“असेल बाबा. आमच्यात पाहुण्याला सरबत देताना कुणी चपलेचं नाव काढत नाही.”

तात्यांनी हात किंचित वर केला. शेठनी चष्मा खाली घेतला.

“बाप काय म्हणाला?”

केतकीनं वही मिटली.

“त्यांनी विचारलं… चामडं कुठं लागायला पाहिजे? जिभेवर की घशात?”

त्या दिवशी तिला त्या प्रश्नाची गंमत वाटली होती. आता तिला अण्णांची बोटं आठवली. वाइनच्या ग्लासची नाजूक दांडी, पाखराचं पिल्लू धरावं तशी धरलेली. ताठ पाठ. साठीचा माणूस लेकीसमोर परीक्षेला बसला होता.

“बागेत तुझा बाप मणी चावतो ना?”

“हो. तोडणीच्या वेळी.”

“गोडी मोजायचं मीटर लावायच्या आधी?”

“आधी. चावून आकडा सांगतात. मग वायनरीचा माणूस मीटर लावतो.”

“आणि?”

“…तोच आकडा येतो.”

तात्यांनी मान हलवली.

“उद्या जेवायला काय आहे?”

“आई करेल काहीतरी.”

“फोन लाव.”

“आईला?”

“ज्याचा वाढदिवस आहे, त्याला.”

केतकीनं फोन लावला. पलीकडे विहिरीवरच्या मोटारीचा आवाज येत होता.

“बोल गं.”

“अण्णा, उद्या जेवायला काय करायचं?”

“तुला काय पाहिजे ते सांग आईला.”

“मला नाही. तुम्हाला काय आवडतं?”

पलीकडे मोटार बंद झाली. फोन कटला का, हे तिनं कानापासून दूर धरून बघितलं.

“मला?” अण्णा म्हणाले. “भरीत. बाजरीची भाकरी. आणि ठेचा… हिरवा, दाण्याचा कूट घातलेला. पण मग तुझ्या त्या वाइनला चालेल ना? नाहीतर ठेचा राहू दे.”

“चालेल, अण्णा,” केतकी म्हणाली. “ठेचा राहू द्यायचा नाही.”

तिनं फोन ठेवला आणि डोळ्यांत काही गेल्यासारखं करून काचेकडे तोंड फिरवलं.

“शेठ,” तात्या म्हणाले, “जिन्याखालचं खोकं.”

जिन्याखाली काळोख होता, आणि मागच्या भिंतीला पाण्याची टाकी लागून असल्यानं ती भिंत भर उन्हाळ्यातही गार राही. शेठनी तिथून एक खोकं ओढून काढलं. बारातल्या दोनच बाटल्या उरल्या होत्या.

“कधी उघडलं?” तात्यांनी विचारलं.

“सोमवारी. ही बसत नाही हो, धावते.”

तात्यांनी बाटली उजेडात धरून मागच्या चिठ्ठीवरचा भरल्याचा महिना वाचला. मार्च. मग हाताची पाठ लावली, डोळे मिटले.

“हिला नाही.”

नाशिकचीच पांढरी होती ती, शेनिन द्राक्षाची, जराशी गोडसर. साडेपाचशेची.

“ही?” केतकीच्या तोंडून गेलंच. “तात्या, असल्या वाइनला आमच्या वर्गात सहलीची वाइन म्हणायचे.”

“सहलीला माणसं हसतात ना?”

केतकीनं पर्समधून पैसे काढले.

शेठनी सवयीनं बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली आणि काळ्या पिशवीत घातली.

“ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेव,” तात्या म्हणाले. “रोजच्या काचेच्या ग्लासात ओत, जाडसर असतो त्यात. आधी तू पी. मग थांब.”

“मग काय सांगू त्यांना?”

तात्यांनी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. टोपण लावलं. स्वतःच्या खिशाला अडकवलं.

“थांब,” ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी चार वाजता केतकी दुकानात आली, तेव्हा तात्या जिन्याखाली वाकलेले होते. उन्हाकडच्या काचेला शेठनी जुनी चादर लावली होती.

“या मॅडम,” शेठ म्हणाले. “लागला का निकाल?”

तिच्या हातात वही नव्हती.

“भरीत झालं होतं,” ती सांगू लागली. आज ती सावकाश बोलत होती. “अण्णांनी भाकरीला ठेचा लावला. घास खाल्ला. मग घोट घेतला. मी काही बोलले नाही. जीभ चावून बसले होते. ते बाहेर बागेकडे बघत राहिले. मग न विचारता दुसरा घोट घेतला.”

“मग?”

“मग म्हणाले, ‘माल स्वच्छ आहे. पण मणी आठ दिवस आधी तोडलाय.’”

तात्या उठून उभे राहिले.

“आणि मग आईकडे बघून म्हणाले, ‘अगं, तू पण घे थोडी. आपल्याच द्राक्षासारखी लागते.’ दोघांनी बाटली संपवली, तात्या. मला अर्धा ग्लास मिळाला.”

शेठ तात्यांकडे बघत होते. “खरं आहे का हो? त्या तोडणीचं?”

तात्यांनी हातावरची धूळ झटकली.

“गेल्या साली गारांचा अंदाज होता. घाईनं तोडला. वायनरीत चार माणसांना ठाऊक आहे.” ते थांबले. “आठ नाही. नऊ दिवस.”

शेठनी नकळत हात जोडले. कुणाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“आता पुढं काय?” तात्यांनी केतकीला विचारलं. “लोकांना शिकवायचं राहिलं तुझं.”

“तुमच्याकडे दर शनिवारी येणार. तुम्ही नको म्हणालात तरी.” ती जरा थांबली. “आणि सोमवारपासून मी अण्णांबरोबर बागेत जातेय. छाटणी चालू आहे.”

“काय शिकवतो?”

“काहीच नाही. मी नुसती मागं मागं चालते.”

तिचं पेन अजून तात्यांच्या खिशालाच होतं. तिनं ते मागितलं नाही.

तात्या दोन पावलं पुढं आले. त्यांनी उजव्या हाताची पाठ केतकीच्या कपाळाला लावली आणि डोळे मिटले…

मग हात काढला.

“उतरला.”