आधी चरण

“...आणि या दोन कोनांची बेरीज केली, तर तिचा कोसाइन किती?”

मठाचे वृद्ध अप्पाजी विचारत होते. दोन्ही कोन काटकोनाहून लहान. एकाचा कोसाइन तीन छेद पाच, दुसऱ्याचा पाच छेद तेरा.

अप्पाजी आता थकले होते. पाठशाळेतला त्यांचा गणिताचा वर्ग पुढे कुणी घ्यायचा, ते आज ठरणार होतं. रेवणला तो हवाच होता. शिष्यांत सर्वांत हुशार तोच, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

“कॅल्क्युलेटर देऊ?”

“कशाला?” उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा रेवण उत्तर घेऊनच बसला होता. “बेरजेचा साइन छप्पन्न छेद पासष्ट. त्यावरून कोसाइन तेहेतीस छेद पासष्ट.”

अप्पाजींनी डोळे मिटले...

“चरण?”

रेवण लगबगीने उठला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून मोकळा झाला.

“अरे, माझे नव्हेत! कोनाचा चरण विचारतोय, आलेखाच्या चार भागांतला कोणता तो.”

रेवण ओशाळला. अप्पाजी मात्र इतके मनापासून हसले, की त्यालाही हसू फुटलं.

“पहिला चरण, अप्पाजी. दोन्ही कोन पहिल्यातलेच. मग बेरीज जाईल कुठे?”

अप्पाजींनी उजवा हात बाजूला आडवा धरला. पहिल्या कोनाइतका वर उचलला. थांबले. तिथून पुढे दुसऱ्या कोनाइतका... हात डोक्यावरून पलीकडे गेला आणि डावीकडे कलला.

हा सूर्य, हा जयद्रथ! उभी रेघ ओलांडली, म्हणजे दुसरा चरण. आणि तिथे कोसाइन उणे. रेवणचा आकडा बरोबर होता, चिन्ह साफ उलटं. इतकी वर्षं घोकलेलं सूत्र या माणसाने नुसता हात उचलून डोळ्यांपुढे उभं केलं होतं. रेवणला भरून आलं.

“उणे तेहेतीस छेद पासष्ट,” तो हळूच म्हणाला. “मी वर्गाच्या लायकीचा नाही, अप्पाजी.”

अप्पाजींनी हात खाली घेतला. खांद्याला रग लागली होती, तो चोळत राहिले...

“उद्यापासून वर्ग तूच घ्यायचा,” ते म्हणाले. “आणि पहिल्या दिवशी मुलांसमोर हेच गणित असंच चुकायचं.”