जुलेखाबींची ज्वाला

मिरजेच्या एका वर्कशॉपमध्ये जुलेखाबी मुजावर झिजलेल्या शाफ्टवर ज्वालेच्या बंदुकीने वितळलेल्या धातूचा थर चढवत. त्या दिवशी गावाच्या पाण्याच्या पंपाचा शाफ्ट आला होता. नळ चार दिवस कोरडे होते. वर्कशॉपचे मुख्य अभियंते रणनवरे सगळ्यांसमोर ओरडले, "एवढीशी ज्वाला? ऑक्सिजन वाढव! कशी गरजली पाहिजे!"

जुलेखाबींनी ऑक्सिजन वाढवून एका पत्र्यावर थर दिला. मग ऑक्सिजन आणि गॅसचं प्रमाण पुन्हा आपल्या अंदाजाने जुळवून दुसऱ्यावर दिला. दोन्ही पत्रे वाकवले. पहिल्याचा जळका थर पापुद्र्यासारखा गळून पडला, दुसऱ्याचा जागचा हलला नाही.

"साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या, "आवाज चढवला म्हणून पकड येत नाही."

कामगारांनी हसू दाबलं. रणनवरे हळूच म्हणाले, "जुलेखाबी, तुम्ही म्हणाल तेवढाच ऑक्सिजन."