टिकलीची वाकडी काकडी

सोजरमावशीचा एक मळा होता. छोटासाच. उन्हाळा नुकताच लागला होता. मळ्यात गवार होती, भेंडी होती आणि काकडीचे वेल होते.

बांधात एक बीळ होतं. बिळात राहायची टिकली उंदरी. ती वेलावरच्या अळ्या मटकावायची. म्हणून मावशीचा एक नेम होता. सरळ काकडी बाजाराला, वाकडी काकडी बांधावर, टिकलीला.

आज मावशीने अंधारातच तोडणी केली. हाताने चाचपून. सगळ्या काकड्या पाटीत गेल्या. वाकडीसुद्धा. वर घातलं पोतं.

टिकली बिळाबाहेर आली. पाहते तर बांध रिकामा.

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली गेली मावशीकडे.

"मावशी, मावशी, माझी वाकडी काकडी कुठाय?"

"अगोबाई, पाटीत गेली वाटतं."

"मग दे ना काढून."

"पाटी उघडली की ऊन आत शिरेल. भाजी मान टाकेल. पाटाला पाणी येऊ दे. चार थेंब शिंपडते, मग काढते. पण टेम्पो आला ना, की पाटी चालली बाजाराला."

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली गेली पाण्याकडे.

"पाणीदादा, पाणीदादा, वाहा ना.
मावशी पाटी उघडेना,
काकडी मला मिळेना."

पाणी म्हणालं, "वाहू कसं? पाटात म्हैस बसलीय आडवी. ती उठली तर वाहीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली गेली म्हशीकडे.

"म्हशीताई, म्हशीताई, ऊठ ना.
पाणी पाटात वाहेना,
मावशी पाटी उघडेना,
काकडी मला मिळेना."

म्हैस म्हणाली, "कसं गारगार वाटतंय. आणि बगळा पाठीवरचे किडे टिपतोय. तो उडाला तर उठेन."

सुर्रर्र. टिकली शेपटीवरून चढली म्हशीच्या पाठीवर.

"बगळेदादा, बगळेदादा, उड ना.
म्हैस जागची उठेना,
पाणी पाटात वाहेना,
मावशी पाटी उघडेना,
काकडी मला मिळेना."

बगळा म्हणाला, "मी कुणाला भीत नाही. त्या बुजगावण्याला तर मुळीच नाही. ते हललं तर उडेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. टिकली गेली बुजगावण्याकडे.

"बुजगावणेकाका, बुजगावणेकाका, हला ना.
बगळा काही उडेना,
म्हैस जागची उठेना,
पाणी पाटात वाहेना,
मावशी पाटी उघडेना,
काकडी मला मिळेना."

बुजगावणं म्हणालं, "माझं डोकं मडक्याचं, माझे हात काठीचे. वारा आला तर हलेन."

वारा शेवग्यावर झोपला होता. घुर्रर्र, घुर्रर्र. टिकली चढली शेवग्यावर.

"वारेबुवा, वारेबुवा, जागे व्हा ना.
बुजगावणं हलेना,
बगळा काही उडेना,
म्हैस जागची उठेना,
पाणी पाटात वाहेना,
मावशी पाटी उघडेना,
काकडी मला मिळेना."

वाऱ्याने एक डोळा उघडला. "मी कुणाच्या सांगण्यावरून उठत नाही. शिंक आली तर उठतो." आणि डोळा मिटला.

लांबून टेम्पो वाजला. पों पों.

टिकलीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग शेपटीचं टोक हळूच घातलं वाऱ्याच्या नाकात. गुदूगुदू, गुदूगुदू.

"आ... आ... आक्-छी."

वारा उठला, सूं सूं सूं.
बुजगावणं हललं, डुग डुग डुग.
बगळा उडाला, फड फड फड. जाता जाता म्हणाला, "मी घाबरलो नाही हं."
म्हैस उठली, फच्चाक.
पाणी वाहिलं, खळखळ खळखळ.

मावशीने पाणी शिंपडलं. पोतं उचललं. वाकडी काकडी काढली. विळ्याने तिचं टोक कापलं आणि तेच टोक काकडीवर घासलं. घस घस घस. पांढरा फेस आला.

"घे बाई. कडूपणा गेला बघ."

पों पों. टेम्पो आला. पाटी चढली. मावशी चढली. टेम्पो गेला बाजाराला.

टिकली बांधावर बसली. करम कुरुम, करम कुरुम.

म्हैस हळूच जवळ आली. बगळाही आला. बुजगावण्याने मडकं वाकवलं. वारा पानाआडून बघत होता.

म्हैस म्हणाली, "गोड आहे का गं?"

टिकलीने मिशा पुसल्या.

"कडू आहे. फारच कडू. तुम्हाला नाही आवडायची."

आणि तिने शेवटचा तुकडाही गट्ट केला.

काकडी गेली पोटात,
गोष्ट राहिली ओठात.