चाकोबाचा शेंदूर

एकदा एक वृद्ध पाटकरी आपल्या शिष्याचा तलाव पाहायला निघाले. पाटकरी म्हणजे तलावाचे पाणी सोडणारा आणि बांधाची राखण करणारा माणूस. खोऱ्यातल्या सात तलावांची राखण करण्यात या गृहस्थांचे आयुष्य गेले होते. सारे खोरे त्यांना आबा म्हणे. शिष्य त्यांच्या हाताखाली सहा वर्षे शिकला होता आणि वर्षभरापूर्वी त्याच्या गावाने त्याला आपल्या तलावावर नेमले होते. हा आठवा तलाव मात्र आबांच्या ताब्यात कधीच नव्हता.

शिष्य त्याच गावच्या कुंभारवाडीचा. वाडी बांधाच्या अगदी पायथ्याशी, ओढ्याकाठी वसलेली. तिथली माती चांगली, म्हणून कुंभार पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिले. शिष्याची आई गिरजाबाई अजून तिथेच मडकी घडवीत असे. मुलगा पाटकरी झाल्याचे तिला एवढे कौतुक, की गिऱ्हाईक मडके वाजवून पाहायला लागले तरी तिची मुलाची हकिगत संपत नसे.

गुरू येणार म्हणून शिष्याने बांध झाडून लख्ख केला होता, गवत उपटले होते, दगडांना चुना लावला होता. तो मोठ्या हौसेने आबांना बांधावरून फिरवू लागला. मध्यावर एक दगडी चौथरा होता. त्यावर माणसाच्या कमरेइतकी उंच, लालभडक, ओबडधोबड अशी काहीतरी वस्तू. तिला चांदीचे डोळे, डोक्यावर फुलांचा हार आणि समोर तेवणारा नंदादीप. आबा थबकले.

"हे कोण?"

"हा चाकोबा, आबा. आमच्या तलावाचा राखणदार. दर अमावास्येला सगळं गाव इथं लोटतं. शेंदूर चढवतात, नारळ फोडतात. नंदादीपाचं तेल आमच्या शेठजींकडून येतं, तेलाचा व्यापार आहे त्यांचा, वर्षभर पुरवतात." मग जरा छाती फुगवून तो म्हणाला, "यंदा चैत्रातला मानाचा शेंदूर माझ्या हातून चढला."

आबांनी चौथऱ्याला एक फेरी घातली. मग त्यांनी विचारले, "आणि तळाचं दार कुठं आहे?"

जुन्या तलावांना पाणी जायला दोन वाटा असतात. एक सांडवा, तलाव भरला की जादा पाणी त्यावरून आपोआप वाहते. दुसरे तळाचे दार. पाऊस असा काही कोसळला की सांडव्याला आवरेना, तर हे दार उघडायचे, नाहीतर पाणी बांधावरून उसळते आणि बांध फोडते. दाराला लोखंडी दांडा, दांड्याला स्क्रूसारखे आटे, आणि वर बांधावर एक मोठे चाक. चाक फिरवले की दार वर उचलले जाते. हे सारे शिष्य आबांकडूनच शिकला होता.

"दार इथंच खाली आहे," तो म्हणाला, "आणि त्याचं चाक म्हणजे..." त्याची नजर चाकोबाच्या शेंदरावर खिळली.

"शेवटचं कधी फिरवलं?"

"गेली चाळीस वर्षं पाऊस बेताचाच झाला, आबा. गरज पडली नाही."

आबांनी वहाणा काढल्या. चाकोबाला मनोभावे नमस्कार केला. मग झोळीतून छिन्नी आणि हातोडी काढली आणि देवाच्या कपाळावर पहिला घाव घातला.

शिष्य एक पाऊल मागे सरला. शेंदराचा एक लालबुंद टवका उडून त्याच्या पायाशी पडला. त्या टवक्यावर त्याच्याच बोटांचे ठसे होते.

अशी बातमी गावभर पसरायला किती वेळ लागतो? घटकाभरात बांधावर पाय ठेवायला जागा उरली नाही. सर्वांच्या पुढे शेठजी होते. त्यांचा राग खरा होता, कारण त्यांची भक्ती खरी होती. वडिलांपासून चालत आलेला नंदादीप त्यांनी एक दिवस विझू दिला नव्हता.

"अहो म्हातारबुवा, वय झालं म्हणून काय वाटेल ते करायचं?" ते कडाडले. मग शिष्याकडे वळून म्हणाले, "आणि तू रे? तुला राखायला ठेवलाय का उभं राहून बघायला? आत्ताच्या आत्ता थांबव यांना. नाहीतर उद्यापासून बांधावर पाऊल टाकायचं नाही."

आबांनी हातोडी खाली घेतली. "शेठजी बरोबर बोलतात," ते शांतपणे म्हणाले. "तलाव तुझा आहे. थांब म्हणालास तर मी थांबतो."

शिष्याने आबांकडे पाहिले, मग शेठजींकडे. एक शब्द बोलला असता तर नोकरी वाचली असती, मान वाचला असता, गुरूही हसतमुखाने परत गेले असते. त्याने मान फिरवली तर नजर बांधाखाली गेली. वाडीतल्या मडकी भाजायच्या आव्यांचा धूर सरळ वर चालला होता. तिसऱ्या घराच्या अंगणात त्याची आई पाठमोरी बसून चाक फिरवीत होती. त्या चाकाला तिने कधी एक दिवस विसावा दिला नव्हता, आणि ते कधी अडले नव्हते. आपण वर्षभर या बांधावर आहोत आणि दाराचे हे चाक फिरते की नाही, एवढे साधे आपल्याला माहीत नाही, या विचाराने त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने आबांच्या झोळीत हात घातला, दुसरी छिन्नी काढली आणि गुरूंच्या शेजारी गुडघे टेकले.

लोकांनी शिव्या दिल्या, कुणी माती फेकली. त्याने मान वर केली नाही. शेंदूर वीतभर जाड होता. पुटांवर पुटे बसून आतले चाक त्यात गाडले गेले होते. दुपार उलटताना चौथऱ्याच्या दर्शनी दगडावरची शेवटची खपली निघाली आणि खाली कोरलेली अक्षरे दिसू लागली. गलका एकदम थांबला. शेठजी पुढे वाकले आणि त्यांनी ती स्वतःच मोठ्याने वाचली:

"दर अमावास्येला पूर्ण फिरवावे. खाली वाडी आहे."

शेठजी हळू आवाजात म्हणाले, "अमावास्या तर आम्ही एकसुद्धा चुकवली नाही."

"नाही चुकवलीत," आबा म्हणाले. "म्हणून तर मी आधी नमस्कार केला. ज्यांनी हा बांध घातला, त्यांना ठाऊक होतं की लोखंड बसून राहिलं की गंजतं. ज्याची गरज क्वचित पडते ते चाक गरज नसताना फिरवावं लागतं, तरच ते गरजेला फिरतं. म्हणून त्यांनी दिवस नेमून दिला. फिरवायला दहा माणसांचा घाम लागे, तेव्हा फिरवून झालं की कुणी एक नारळ फोडत असेल, कुणी शेंदराचं बोट लावत असेल. पुढं घाम गेला आणि नारळ राहिला. तुमच्या भक्तीत खोट नाही, शेठजी. पण त्यांनी तुमच्याकडं पूजा मागितली नव्हती, काम मागितलं होतं."

एवढे बोलून त्यांनी नंदादीप उचलला, ज्योत दगडावरच्या एका पणतीत लावून ठेवली आणि उरलेले सगळे तेल चाकाखालच्या आट्यांवर ओतले. शेठजींचा हात आडवा यायला उठला आणि तसाच खाली आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दुकानातून तेलाचा डबा आला. निरोप नव्हता, नुसता डबा.

चाक अर्थातच हलले नाही. गावचा लोहार पहार घेऊन आला, आणखी चार दांडगे गडी आले. आबांनी त्यांना हात लावू दिला नाही. "जोर केलात तर दांडा तुटेल आणि दार कायमचं बंद होईल. याला चाळीस वर्षं लागली आहेत जाम व्हायला. चाळीस दिवस तरी द्या."

ते चाळीस दिवस शिष्याने दिले. रोज पहाटे तो आट्यांत तेल सोडी, लाकडी मोगरीने दांड्याला हलके हलके ठोके देई, मग चाकाला एकदा उजवीकडे रेटा, एकदा डावीकडे. दांड्यावर आणि दगडावर मिळून त्याने चुन्याची एक रेघ ओढून ठेवली होती. हलले तर रेघ तुटेल. दहा दिवस गेले, पंधरा गेले, रेघ अखंड. बांधावरून जाणारे टवाळ विचारीत, "काय रे, उठला का तुझा देव?" शिष्य म्हणे, "कूस बदलतोय." तळहाताचे फोड फुटले, त्यावर घट्टे आले. आबा चौथऱ्याच्या सावलीत बसून नुसते बघत. ते एकदाही शाबास म्हणाले नाहीत आणि पुरे असेही म्हणाले नाहीत.

एकोणिसाव्या दिवशी रेघ तुटली. ज्वारीच्या दाण्याएवढे अंतर पडले होते. शिष्य तिथेच मटकन बसला आणि रडला.

चाळिसाव्या दिवशी दार हातभर वर आले. आधी काळाकुट्ट, नाक धरायला लावणारा गाळ ओढ्यात ओकला गेला आणि मग पाणी सुटले. शेठजींनी स्वतः चाकाला हात लावला होता. दार पुन्हा खाली बसवून त्यांनी कपाळाचा घाम पुसला, हाताला लागलेल्या वंगणाकडे पाहिले आणि ते लहान मुलासारखे हसले.

त्या वर्षी श्रावणात खोऱ्याने कधी पाहिला नव्हता असा पाऊस तीन दिवस कोसळला. सांडवा पहिल्याच दुपारी तुडुंब भरून वाहू लागला, तरी पाणी चढतच होते. बांधाचा माथा अडीच हात उरला, दोन हात उरला. शिष्याने दहा माणसे हाकारली आणि चाक फिरवले. ते कुरकुरलेसुद्धा नाही. एक हात उरला तेव्हा पाणी थबकले, तिथेच रेंगाळले आणि तिसऱ्या दिवशी उतरू लागले. खाली वाडीत लोक पावसाला कंटाळून चुलीपाशी बसले होते. ओढा जरा जास्तच खळाळतोय, एवढेच त्यांना जाणवले.

उघडीप पडताच गिरजाबाई पदर खोचून बांध चढून आली. पावसाळ्यासाठी मुक्कामी राहिलेले आबा चौथऱ्याशी बसले होते, त्यांच्यासमोरच तिने मुलाला फैलावर घेतले.

"काय रे, कसलं ते पाणी सोडलंस? ओढा अंगणाला लागला माझ्या! आणि माझी धुण्याची शिळा कुठं गेली? तुझ्या आजीची शिळा होती ती. गेली ना वाहून! एवढा शिकलास, पण खाली माणसं राहतात एवढं ध्यानात नाही का राहत तुझ्या?"

शिष्याने तोंड उघडले. एक हात उरलेले पाणी त्याच्या डोळ्यांपुढे उभे होते. मग त्याने तोंड मिटले.

"चुकलं, आई," तो म्हणाला. "नवी शिळा आणून देतो. स्वतः घडवून देतो."

ती पुटपुटत उतरून गेली. तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत आबा थांबले. मग त्यांनी विचारले, "सांगितलं का नाहीस?"

"ती नुसत्या शिळेसाठी भांडतेय, आबा," शिष्य म्हणाला. "मला अजून काय पाहिजे?"

आबांनी उठून तेलाचा डबा त्याच्या हाती दिला आणि परत निघायला ते आपल्या वहाणा शोधू लागले. त्या दिवशी अमावास्या होती आणि शेठजी बाकीची नऊ माणसे घेऊन बांध चढत होते.

आपल्याही गावात एखादा जुना पूल असेल, एखादी पाण्याची टाकी असेल. त्यांना वर्धापनदिनाचा हार घालायला जाल तेव्हा एवढेच विचारा, की पुलाखाली किंवा टाकीत शेवटचे कोण उतरले होते, आणि कधी.